'सम्राट अशोक'ची १०१ सेकंदं

विमान पडल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी चौकशी समित्या बसतात. दूधवाले म्हणतात, बॉम्ब असणार. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना खात्री असते की इंजिनात घार शिरली. आणि जन्मात एकदाच विमानात बसलेले धाकटे भावजी, वैमानिकाचं नेमकं काय चुकलं ते हातातला चहा संपायच्या आत सिद्ध करून मोकळे होतात!

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात कोसळलं. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ अशी २६० माणसं गेली. तेव्हाही असंच झालं. महिन्याभरानं प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांना इंधन सोडणारे खटके एका सेकंदाच्या अंतरानं 'चालू'वरून 'बंद'वर गेले होते. एका वैमानिकानं दुसऱ्याला, बंद का केलंस, असं विचारलं आणि दुसऱ्यानं, मी नाही केलं, असं सांगितलं. एवढं त्यात होतं. खटके का सरकले, ते मात्र त्या पानांत नव्हतं. पण तेवढ्यावर थांबायला सवड कुणाला? त्याच संध्याकाळी लोकांचे निकाल लागलेसुद्धा.

"काळी पेटी सापडली म्हणजे कारण सापडलंच की!" असं आपल्याला वाटतं. ते तसं का नसतं हे समजून घ्यायचं तर एखादा जुना अपघात घ्यावा. ज्याची चौकशी पुरी झाली, कोर्टकचेरीही होऊन गेली, असा. आणि त्यासाठी लांब जायला नको. वांद्र्याच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या समुद्रातच तो घडलेला आहे.

नव्या वर्षाची पहिली रात्र

१ जानेवारी १९७८. रविवार होता. सांताक्रूझ विमानतळावरून रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो विमान दुबईला निघालं. १९७१ साली आलेलं हे एअर इंडियाचं पहिलं जंबो. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या लाल कमानी रंगवलेल्या. ते पाहायला त्या काळी माणसं मुद्दाम विमानतळाच्या गच्चीवर जात. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. त्या वर्षांत दुबईचं विमान म्हणजे कोण माणसं असत ते आपल्याला ठाऊक आहे. आखातातल्या नोकरीसाठी निघालेला घरातला कर्ता मुलगा, बायकामुलांना महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवणारा नवरा.

विमान पश्चिमेकडच्या धावपट्टीवरून उडालं. उड्डाण अगदी सुरळीत. किनारा ओलांडल्यावर ठरल्याप्रमाणे थोडं उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. मग ते डावीकडे कलायला लागलं. कलतच गेलं. पंख उभा होऊन त्याच्याही पलीकडे, सुमारे १०८ अंशांपर्यंत. जेमतेम दीड हजार फुटांवर असलेल्या विमानाला सावरायला जागा ती किती? धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत विमान नाक खाली करून समुद्रात शिरलं. किनाऱ्यापासून तीन किलोमीटरवर. २१३ जणांपैकी एकही वाचलं नाही.

१०१ सेकंदं म्हणजे किती वेळ? गॅसवर चढवलेलं आधण गरमसुद्धा होत नाही तेवढ्यात.

आधी संशय घातपाताचा

पहिल्या दिवसापासून बोलबाला झाला तो घातपाताचा. आणि त्यात लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चांगलं धडधाकट विमान, हवा स्वच्छ, इंजिनं चालू. असं विमान काय उगाच समुद्रात पडेल?

शिवाय मुंबईकरांच्या मनात आणखी एक आठवण ताजी होती. जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, १२ ऑक्टोबर १९७६ ला, याच सांताक्रूझवरून मद्रासला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल विमान उड्डाणानंतर लगेच पेटलं होतं. परत फिरून उतरता उतरता ते कोसळलं आणि ९५ माणसं गेली. त्या चौकशीत कारण हाताला लागलं ते धातूचं. इंजिनातली एक फिरती चकती आतून तडकत तडकत गेली होती. धातूही थकतो, मैत्रिणींनो. बादलीची कडी रोज एकाच जागी वाकून एक दिवस तटकन तुटते, तसंच. त्या चकतीचे तुकडे इंजिनाचं कवच फोडून बाहेर आले, त्यांनी इंधनाची नळी तोडली, आग लागली आणि विमानाचे पंख-शेपटी हलवणारी यंत्रणाच बंद पडली. तिथे तुटलेला तुकडा भिंगाखाली धरून दाखवता आला: हा बघा गुन्हेगार.

'सम्राट अशोक'च्या बाबतीतही आधी असाच तुकडा शोधला गेला. तिथला समुद्र उथळ, त्यामुळे बरेच अवशेष वर काढता आले. स्फोट लपत नाही. आकाशात स्फोट झाला तर विमानाचे भाग वाटेवर दूरदूर विखुरतात. पत्र्याच्या कडा बाहेरच्या बाजूला उमलतात, त्यावर बारीक बारीक खळगे पडतात. उडत्या विमानाला आग लागली असेल तर काजळीचे पट्टे वाऱ्याच्या दिशेनं मागे ओढलेले दिसतात. पडल्यावर लागलेल्या आगीची काजळी तशी नसते. कढईखालचा काळा डाग बघून आपण सांगतोच की ज्योत कुठल्या बाजूला मोठी होती, तसलंच हे शास्त्र. इथे स्फोटाची खूण नव्हती, आगीचीही नव्हती. इंजिनांचा, विजेचा बिघाड दाखवणारंही त्या अवशेषांत काही मिळालं नाही.

म्हणजे विमान तर ठीक. मग?

नारिंगी रंगाची काळी पेटी

काळी पेटी काळी नसतेच मुळी. ढिगाऱ्यात, चिखलात पटकन दिसावी म्हणून ती भडक नारिंगी रंगवतात. मेलबर्नच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डेव्हिड वॉरन नावाच्या शास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात कॉकपिटमधलं बोलणं टिपून ठेवणारं यंत्र बनवलं. १९३४ साली, तो लहान असताना, त्याचे वडील एका विमान अपघातात गेले होते. ते विमान समुद्रात नाहीसं झालं होतं.

पेट्या खरं तर दोन. एकीत विमानाचे आकडे: उंची, वेग, नाकाची दिशा. दुसरीत कॉकपिटमधले आवाज. त्या काळात शेवटच्या तीस मिनिटांचे. आकडे सांगतात विमानानं काय केलं. आवाज सांगतात माणसांना काय वाटत होतं. दोन्ही पट्ट्या सेकंदाला सेकंद जुळवून शेजारी शेजारी मांडायच्या, तेव्हा कुठे गोष्ट उलगडायला लागते. कारण पुष्कळदा दोन पेट्या दोन वेगळ्याच गोष्टी सांगत असतात.

इथे तेच झालं. आकडे म्हणत होते, विमान डावीकडे कलतंय. आणि आवाजात कप्तान म्हणत होते की आपलं यंत्र कलंडलंय, याला झालंय काय? सहवैमानिकांनी सांगितलं, माझंही कलंडलंय. आणि अगदी शेवटी तिसऱ्या खुर्चीतले फ्लाइट इंजिनिअर कप्तानांना सांगत होते, त्याच्यावर जाऊ नका, त्याच्यावर जाऊ नका.

'त्याच्यावर' म्हणजे कशावर? सगळी चौकशी या एका शब्दाभोवती फिरली असं म्हटलं तरी चालेल.

भोवरा, फुगडी आणि कपातला चहा

वैमानिकासमोर एक गोल काचेचं यंत्र असतं. वरचा अर्धा भाग आभाळाचा, खालचा जमिनीचा, मध्ये आडवी रेघ. विमान कललं की ही रेघ कललेली दिसते. याला कृत्रिम क्षितिज म्हणूया. याच्या मुळाशी तत्त्व भोवऱ्याचं. जोरात फिरणारा भोवरा तुम्ही कसंही करा, आपला आस सोडत नाही. त्याच्या आधारानं विमान किती कललंय ते कळतं. आणि भोवऱ्याचा तोल गेला की तो जसा कलंडतो, तसं हे यंत्रही 'कलंडलं' असं वैमानिकांच्या भाषेत म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, विमान एवढं आडवं होतंय हे बसल्या जागी कळत नाही? त्यासाठी यंत्र कशाला हवं?

नाही कळत! इथेच तर गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, घातच आहे.

मंगळागौरीला फुगडी घालून थांबलं की खोली फिरत राहते ना? आपल्या कानाच्या आत अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की पाणी मागे रेंगाळतं आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. पण फिरणं चालूच राहिलं तर पाणीही त्या वेगानं फिरायला लागतं आणि मेंदूला वाटतं, आपण स्थिर आहोत. थांबलो की पाणी मात्र फिरतच राहतं, म्हणून खोली फिरते. आणि एखादी गोष्ट फार हळूहळू कलली, तर ते पाणी हलतसुद्धा नाही. कानाला पत्ताच लागत नाही.

बरं, कानाचं राहू द्या. ट्रेवरचा कपातला चहा तरी एका बाजूला जाईल? तोही जात नाही. विमान नीट तोल सांभाळून वळत असलं तर कपातला चहा कपाच्या काठाशी समांतरच राहतो, कारण वळणाचा जोर आणि पृथ्वीचं ओढणं मिळून सगळं वजन विमानाच्या तळाकडेच पडतं. गवंड्याचा ओळंबा विमानात टांगला तर तोही फसेल.

राहिले डोळे. दिवसा असतं तर कप्तानांनी समोर पाहिलं असतं आणि क्षितिज दिसलं असतं. पण जानेवारीतली रात्र, मुंबईचे दिवे मागे पडलेले, समोर काळं पाणी आणि वर काळं आभाळ. दोन्ही एकच. कान गेले, डोळे गेले. उरलं फक्त ते काचेतलं क्षितिज. आणि तेच खोटं बोलत होतं!

चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात असा. उजवं वळण पुरं करून विमान सरळ झालं, पण कप्तानांसमोरचं यंत्र सरळ झालं नाही. ते विमान अजून उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. कप्तानांनी ते 'सरळ' करण्यासाठी सुकाणू डावीकडे फिरवलं. यंत्र तरी हलेना, म्हणून आणखी डावीकडे. यंत्रातलं विमान सरळ करता करता खरं विमान आडवं झालं.

तीन घड्याळांचा हिशोब

घरात एकच घड्याळ असलं तर ते बरोबर की चूक कळत नाही. दोन असली आणि दोघांत दहा मिनिटांचा फरक पडला, तर एक चूक आहे हे कळतं, पण कुठलं? तीन असली तर दोघांचं जमतं आणि तिसऱ्याचं पितळ उघडं पडतं. विमान बनवणाऱ्यांनी हे ओळखून जंबोत तीन क्षितिजं ठेवली होती. एक कप्तानांसमोर, एक सहवैमानिकांसमोर आणि एक छोटं मध्यभागी, अडीअडचणीला. शिवाय वळण दाखवणारं निराळं यंत्रही होतं.

म्हणजे खरं काय ते समोरच्या फळीवर दिसत होतं. फक्त ते वाचायला हवं होतं.

सहवैमानिकांचं क्षितिज बहुधा नीट चालू होतं. ते डावीकडचा मोठा कल दाखवत असणार. पण इतका विचित्र कल खरा असेल यावर कुणाचा विश्वास बसेल? म्हणून, माझंही कलंडलंय, असं त्यांच्या तोंडून गेलं असावं, असं मानलं जातं. या दोन शब्दांनी तिसऱ्या घड्याळाचा हिशोबच मोडला. कप्तानांना वाटलं असणार की दोन्ही बिघडली. फ्लाइट इंजिनिअर मात्र दोघांच्या मागे, जरा आडवे बसलेले. त्यांना सगळी यंत्रं एका नजरेत दिसत होती. कप्तानांच्या क्षितिजाचं बाकीच्यांशी पटत नाही हे त्यांनी ओळखलं आणि ते बोलले. पण तेव्हा पाणी फार जवळ आलं होतं.

अहवालात संभाव्य कारण म्हणून लिहिलं गेलं ते असं: कप्तानांचं यंत्र बिघडलं, विमानाच्या स्थितीचं भान पूर्णपणे सुटलं, त्यातून त्यांनी चुकीच्या दिशेनं सुकाणू वळवलं, आणि इतर यंत्रं पाहून विमान सावरणं वैमानिकांना जमलं नाही.

अमेरिकेत बोइंग आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे झाले. १ नोव्हेंबर १९८५ ला तिथल्या संघीय न्यायाधीशांनी १३९ पानी निकाल दिला. त्यांनी कंपन्यांवरचा हलगर्जीपणाचा आरोप फेटाळला. तोवर जवळजवळ आठ वर्षं लोटली होती. ज्या बायकांनी १९७८च्या पहिल्या आठवड्यात कुंकू पुसलं त्यांची तान्ही मुलं तोवर शाळेत तिसरी-चौथीत गेली असतील.

लक्ष कुठं होतं?

'वैमानिकाची चूक' हे दोन शब्द मला फार अर्धवट वाटतात. ते खोटे नाहीत. या प्रकरणात तर नाहीतच. पण दूध उतू गेलं की सासूबाई विचारतात तसे ते आहेत: "लक्ष कुठं होतं?" खरा प्रश्न पुढचा आहे. लक्ष का गेलं? दारावर कोण आलं होतं, फोन वाजला होता की शेगडीची कळ सैल झाली होती? पहिल्या प्रश्नानं सून रडते. दुसऱ्यानं निदान उद्याचं दूध वाचतं.

आंतरराष्ट्रीय नियमही काहीसं हेच सांगतो. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच. दोष कुणाचा आणि भरपाई कुणी द्यायची हे ठरवणं नाही. ते काम कोर्टाचं. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत आणि जमल्यास शेवटचा वर्षभरात, अशी त्यात अपेक्षा आहे. आपल्याकडे या तपासासाठी २०१२ पासून वेगळा विभागच आहे.

त्या कॉकपिटमधल्या तिघांची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत. ती नोंदलेली आहेत, शोधणाऱ्याला सापडतील. कप्तान ५१ वर्षांचे, सुमारे अठरा हजार तास उडालेले. सहवैमानिक ४३ वर्षांचे, हवाई दलातून आलेले. फ्लाइट इंजिनिअर ५३ वर्षांचे, अकरा हजार तासांचा अनुभव असलेले. यांत कुणीही शिकाऊ नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

तिसऱ्या खुर्चीतला माणूस

आता आणखी दोन अपघात सांगते. दोन्ही उड्डाणाच्या वेळचेच.

'सम्राट अशोक'च्या नऊ महिने आधी, २७ मार्च १९७७ ला, स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं एकाच धावपट्टीवर होती. डच कंपनीच्या कप्तानांनी परवानगी मिळण्याआधीच विमान पळवायला घेतलं. ते कंपनीचे ज्येष्ठ प्रशिक्षक. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचाच फोटो! मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका आली. ते दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही की काय, असं त्यानं विचारलं. कप्तानांनी ठासून सांगितलं की झालंय. इंजिनिअर गप्प बसला. टक्कर झाली. ५८३ माणसं गेली. विमानांच्या इतिहासात एका अपघातात एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याही वेळी गेलेली नाहीत.

दुसरा २२ डिसेंबर १९९९चा. इंग्लंडमधल्या स्टॅनस्टेड विमानतळावरून संध्याकाळी कोरियन एअरचं मालवाहू जंबो मिलानला निघालं. कप्तानांसमोरचं क्षितिज कल दाखवत नव्हतं. आधीच्या फेरीतच हा बिघाड लक्षात आला होता. स्टॅनस्टेडला दुरुस्तीही झाली, पण दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे! उडाल्यावर कप्तानांनी डावं वळण घेतलं. यंत्र सरळच दाखवतंय, म्हणून आणखी डावीकडे. दोन यंत्रांचं पटत नाही हे सांगणारी धोक्याची सूचना पुन्हा पुन्हा वाजत होती. सहवैमानिकासमोर खरं दाखवणारं यंत्र होतं. तो चकार शब्द बोलला नाही. बोलले ते मागचे फ्लाइट इंजिनिअर. विमान कलतंय, कलतंय, असं ते सांगत राहिले. कप्तानांनी काहीच प्रत्युत्तर दिलं नाही. मिनिटभरात विमान शेतात कोसळलं. चौघेही गेले.

एकवीस वर्षांनी, तेच जंबो, तोच अंधार, तेच यंत्र, तीच डावी बाजू. वाचताना अंगावर काटा येतो.

तिन्ही वेळा ज्याला दिसलं तो हुद्द्यानं खालचा होता. आणि तिन्ही वेळा तो बोलला. तो बोलला नाही असं कुणी म्हणू नये. पण कसा बोलला? एकदा प्रश्न विचारून. एकदा अगदी शेवटच्या क्षणी. एकदा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून. ही बोली आपल्याला परकी नाही, मैत्रिणींनो. घरात गॅसचा वास येतोय हे नव्या सुनेला सगळ्यांत आधी कळतं. आणि ती काय म्हणते? "मामंजी, काही वास येतोय का हो?" वास येतोय हे तिला पक्कं ठाऊक असतं! पण सरळ "काडी ओढू नका" असं म्हणायला जीभ रेटत नाही. मामंजी म्हणतात, "छे, काही नाही." झालं.

टेनेरीफनंतर विमान कंपन्यांनी आणि संशोधकांनी या गोष्टीकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली. १९७९ साली अमेरिकेत नासानं यावर एक परिषद भरवली. तिथून पुढे एक नवंच शिक्षण सुरू झालं: कॉकपिटमध्ये एकमेकांशी बोलायचं कसं. युनायटेड एअरलाइन्सनं १९८१ पासून ते आपल्या वैमानिकांना द्यायला सुरुवात केली, आणि पुढे जगभर ते सक्तीचं झालं. त्यात कप्तानांना ऐकायला शिकवतात आणि धाकट्यांना बोलायला. शंका प्रश्नात गुंडाळायची नाही. दिसतंय ते आकड्यासकट सांगायचं. तसंच यंत्रांचं पटेनासं झालं तर आधी तिन्ही क्षितिजं ताडून पाहायची, कुठली दोन जुळतात ते बघायचं आणि ज्याच्यासमोरचं यंत्र शाबूत आहे त्याच्या हाती विमान द्यायचं, हा सराव जमिनीवरच्या बनावट कॉकपिटमध्ये पुन्हा पुन्हा करून घेतात. कोरियन एअरनंही स्टॅनस्टेडनंतर आपलं सारं प्रशिक्षण बदललं.

ती तिसरी खुर्ची मात्र आता राहिलेली नाही. नव्या प्रवासी विमानांत फ्लाइट इंजिनिअर नसतो. त्याचं काम संगणक करतो. अहमदाबादच्या विमानातही पुढे दोघेच होते. त्यामुळे उड्डाणाच्या वेळी दोघांची कामं आधीच वाटून दिलेली असतात. एकानं विमान उडवायचं, दुसऱ्यानं यंत्रांवर नजर ठेवायची आणि वेग, उंची, कल यांत काहीही वेगळं दिसलं की मोठ्यानं सांगायचं. नजर ठेवणारा कित्येकदा वयानं आणि हुद्द्यानं धाकटा असतो. अनेक कंपन्यांत त्याच्यासाठी एक नियम घालून दिलेला आहे. दोनदा सांगूनही समोरच्यानं उत्तर दिलं नाही, तर तिसऱ्यांदा सांगत बसायचं नाही. सुकाणू आपल्या हातात घ्यायचं, आणि घेतलं असं मोठ्यानं म्हणायचं.